खार, मुंगूस आणि कोल्हा

चित्रावरून घरं फुटतात, हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. त्यामुळे गेल्या दिवाळीत आमच्या हॉलमध्ये चार पोरं एका चित्रावरून तावातावाने भांडायला लागली तेव्हा मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि कान टवकारले. एरवी ही पोरं बोलतात त्यातली क्रियापदं तेवढी मला कळतात. नामं सगळी इंग्रजी असतात. पण भांडणाला भाषा लागत नाही.

चौघांपैकी एक आमची नात आणि दुसरा आमच्या बापूकाकांचा पणतू. पुण्यातल्या एका कॉलेजात दोघांची ओळख झाली. आडनाव सारखं निघालं, मूळ गाव कराड निघालं, आणि मग घरी विचारल्यावर आमच्या दोन घरांत साठेक वर्षांत पत्रिकेपलीकडे काही जात नाही हेही निघालं. त्याचं पोरांना काही वाटलं नाही. त्यांनी मिळून एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. गावोगावच्या वाचनालयांत पुस्तक कोणी नेलं, कधी नेलं आणि कधी आणलं नाही, याची नोंद ठेवणारं.

"विकणार कितीला?" मी विचारलं.

"विकणार नाही, आबा. मुक्त आहे ते. कोणीही घ्यावं, वापरावं, आतली कृती वाचावी, बदलावी आणि बदललेलं पुढे वाटावं."

"म्हणजे फुकट."

"फुकट नाही, मुक्त!"

"पण पैसे मिळणार?"

"नाही."

"मग फुकटच की!" असं म्हणून मी पुन्हा पेपर उचलला होता. तेवढ्यात भांडण सुरू झालं.

भांडण असं होतं. सॉफ्टवेअर एक आणि चित्रं चार. संगणकावर घुबड होतं, फोनवर उघडं पुस्तक होतं, माहितीपत्रकावर समई होती आणि वाटायच्या कापडी पिशवीवर नुसतंच एक वाकडं अक्षर होतं. रंगही घुबडाचा जांभळा, तर पुस्तकाचा हिरवा. चार नाटकांत एक नट काम करतो हे आपण पाहिलेलं असतं. इथे एकाच नाटकाच्या चार अंकांत चार निराळे नट नायक म्हणून येत होते. आणि जो तो म्हणत होता की माझाच नायक खरा.

"आबा, प्रश्न व्हिज्युअल आयडेंटिटीचा आहे," नात म्हणाली.

"त्याला पूर्वी छाप म्हणत," मी म्हणालो. "आणि छापेच्या बाबतीत मला जरा अनुभव आहे."

माझ्या आजोबांचं कराडला मंजनाचं दुकान होतं. बाभळीच्या सालीचा कोळसा, हिरडा, तुरटी, मीठ, लवंग आणि कापूर असला तो काळा मामला होता. तोंड धुतल्यावर न्हाणीघर धुवावं लागे, पण दात मात्र पांढरे होत. आजोबांना त्या काळातही अक्कल होती की पुडीवर चित्र हवं. दाताने ज्याचं नाव काढलं असा प्राणी म्हणून त्यांनी खार निवडली. शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांकडून बदाम कुरतडणारी खार काढून घेतली, जस्ताच्या पत्र्यावर तिचा ब्लॉक करवून लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून घेतला आणि 'खार छाप दंतमंजन' बाजारात आणलं.

ड्रॉइंग मास्तरांनी खार काढली होती यात शंका नाही. पण ती खार आहे हे फक्त त्यांना आणि आजोबांना माहीत होतं. शेपूट जरा सडपातळ झाली होती, तोंड लांबट झालं होतं, आणि सबंध कराड तालुका त्या प्राण्याला मुंगूस म्हणत होता. बाजाराच्या दिवशी बाया यायच्या आणि म्हणायच्या, "मुंगसाची पुडी द्या." खाली ठळक अक्षरांत 'खार छाप' लिहिलेलं असे. पण ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठीच तर चित्र होतं! आजोबांनी दोनेक वर्षं लोकांना सुधारून पाहिलं, मग स्वतः सुधारले आणि मुंगूस मागितलं की खार देऊ लागले.

हे मी पोरांना सांगितलं तेव्हा नात एकदम हसली. "आबा, फायरफॉक्सचं अगदी असंच झालं होतं!"

फायरफॉक्स म्हणजे माझ्या संगणकावरचा कोल्हा. मी रोज सकाळी तो दाबतो आणि पेपर वाचतो. इंटरनेटच्या गावात हिंडायचं तर ब्राउझर नावाचं एक सॉफ्टवेअर लागतं, आणि माझ्या यंत्रात नातीने हे घालून दिलं होतं. "निळ्या गोलाभोवती शेपूट गुंडाळून बसलेला नारिंगी कोल्हा दिसला की दाबायचा. दुसरं काहीही दाबायचं नाही." मी ते व्रतासारखं पाळत आलो आहे. एकविसाव्या शतकात मीही चित्र बघून पुडी मागणाऱ्यांतलाच. तेव्हा या कोल्ह्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा असं मला वाटलं. निवृत्त माणसाला एकदा असा नाद लागला की घरातल्यांचे महिनाभर हाल होतात. आमच्या हिने ते सोसले. आता तुम्ही सोसा.

गोष्ट सुरू होते १९९४ साली, कॅलिफोर्नियात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझॅक नावाचा ब्राउझर तयार झाला होता. तो लिहिणाऱ्यांतला मार्क अँड्रीसन हा तरुण, जिम क्लार्क या उद्योजकाबरोबर नवी कंपनी काढून बसला. कंपनीच्या नावात त्यांनी 'मोझॅक' घातलं. विद्यापीठाने हरकत घेतली. म्हणजे आमच्याकडचं शिकलास, वर आमचीच पाटी लावतोस! नाव बदलून नेटस्केप करावं लागलं. या घराण्याच्या कुंडलीत पाटीचा दोष पहिल्या स्थानापासून आहे, तो हा असा.

बाहेर नाव नेटस्केप, पण घरात त्या ब्राउझरला मोझिला म्हणत. मोझॅकला खाऊन टाकणारा गॉडझिला, म्हणून मोझिला. डेव्ह टायटस नावाच्या चित्रकाराने त्याचा एक हिरवा पालीसारखा प्राणी काढला. पुढे मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली आणि नेटस्केपचं दुकान बसत चाललं. तेव्हा १९९८ च्या मार्चअखेरीस कंपनीने आपली सगळी कृती जगासमोर उघडी केली. घ्या, वाचा, सुधारा. या कामाला घरातलंच मोझिला हे नाव दिलं. या वेळी चित्र आलं लाल डायनासोरचं. ते शेपर्ड फेअरीने काढलं होतं. याच माणसाने पुढे २००८ साली बराक ओबामांचं ते लाल-निळं भित्तिचित्र केलं. म्हणजे चित्रकारांची कमतरता कधीच नव्हती. कमतरता होती ती सगळ्या चित्रांनी एका घरातली दिसण्याची.

चार वर्षं खपून २००२ च्या जूनमध्ये मोझिलाची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तीत ब्राउझर होता, टपाल होतं, पानं तयार करायचं साधन होतं. लग्नाला निघालेल्या बाईच्या ट्रंकेसारखी ती जड होती. तेव्हा डेव्ह हयात आणि ब्लेक रॉस या दोघांनी ठरवलं की नुसता ब्राउझर वेगळा काढायचा, हलका आणि चपळ. यातला ब्लेक रॉस तेव्हा सतरा वर्षांचा होता. सतराव्या वर्षी मी मॅट्रिकच्या मार्कलिस्टवर वडिलांची सही मिळवण्याच्या युक्त्या योजत होतो.

या नव्या बाळाचं पहिलं नाव फिनिक्स. राखेतून उठणारा पक्षी. नेटस्केपच्या राखेतून उठला म्हणून फिनिक्स. नाव सुंदर होतं, पण दुसऱ्याचं होतं. फिनिक्स टेक्नॉलॉजीज नावाची एक जुनी कंपनी संगणकाच्या पोटातली सॉफ्टवेअरं करायची. तिने हरकत घेतली. एप्रिल २००३ मध्ये दुसरं बारसं झालं आणि नाव ठेवलं फायरबर्ड. आता फायरबर्ड नावाचा माहिती साठवणारा एक प्रकल्प आधीपासून होता, आणि तोही मुक्त, म्हणजे यांच्याच पंगतीला बसणारा! ती मंडळी रागावली. कंपनीने हरकत घेतली तर वकील येतो; भाऊबंदांनी घेतली तर रडारड होते. शेवटी ९ फेब्रुवारी २००४ ला तिसरं बारसं झालं आणि नाव आलं फायरफॉक्स. दीड वर्षाच्या आत तीन बारशी. आमच्याकडे एवढ्यात घुगऱ्या संपल्या असत्या.

पण नुसतं नाव बदललं असतं तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नसती. मधल्या काळात एक गृहस्थ पुढे आले होते. स्टीव्हन गॅरिटी त्यांचं नाव. राहणार कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर, जे बेट बटाट्यांसाठी प्रसिद्ध आहे. २००३ साली त्यांनी एक लांबलचक लेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा की, मंडळी, तुमचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण तोंडावळा कोणाचा कोणाला लागत नाही. हजार हात कामाला लागले की काम चांगलं होतं, पण हजार हातांनी मिळून एक चेहरा काढता येत नाही. त्यासाठी चारच माणसं बसवा आणि बाकीच्यांनी त्यांचं ऐका.

आपल्या सोसायटीच्या सभेत जो सूचना मांडतो त्याच्याच गळ्यात त्या कामाची कमिटी बांधतात. ही प्रथा आंतरराष्ट्रीय आहे हे मला इथे कळलं. मोझिलावाल्यांनी गॅरिटींना सांगितलं, मग तुम्हीच करा. त्यांनी छोटी मंडळी जमवली. डॅनियल बर्का याला कल्पना सुचली, स्टीफन डेरोश याने ती कागदावर उतरवली आणि इंग्लंडमधल्या जॉन हिक्सने तिला शेवटचं देखणं रूप दिलं. निळी पृथ्वी आणि तिला बिलगलेला, शेपटीचा जाळ झालेला कोल्हा.

आता गंमत अशी की फायरफॉक्स हा कोल्हाच नव्हे. ते तांबड्या पांडाचं एक नाव आहे. हा प्राणी मी दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात पाहिला आहे. सिक्कीमचा तो राज्यप्राणी. मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा, झाडाच्या फांदीवर पोट टेकून निवृत्त माणसासारखा पडलेला. आमची ही त्याच्याकडे बघून म्हणाली होती, "हे धड अस्वल नाही, धड मांजर नाही." हिक्स आणि मंडळींपुढे नेमका हाच पेच होता. तांबडा पांडा काढला तर किती लोक ओळखणार? नावात 'फॉक्स' आहे, लोकांच्या डोळ्यांपुढे कोल्हाच येणार. तेव्हा त्यांनी सरळ कोल्हा काढला. माझे आजोबा खार काढायला गेले आणि लोकांनी मुंगूस पाहिलं. या लोकांनी आधीच ओळखलं की लोक काय पाहणार आहेत. शिकलेल्या माणसांचा फायदा होतो, तो असा.

चित्र झालं म्हणजे काम संपलं असं मला वाटलं होतं. नातीने मला वेड्यात काढलं. संगणकावरचं छोटं चित्र किती छोटं असतं? सोळा ठिपके आडवे, सोळा ठिपके उभे. "म्हणजे सोळा ठिपके सोळा ओळींची रांगोळी!" आमची ही आतून म्हणाली. अगदी तेच. दोनशे छप्पन्न ठिपक्यांत कोल्ह्याच्या मिशा मावत नाहीत. म्हणून प्रत्येक आकारासाठी चित्र पुन्हा बसवावं लागतं: काय ठेवायचं आणि काय सोडायचं. शिवाय विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर तोच कोल्हा तोच दिसला पाहिजे. पुढे-मागे जायच्या बाणांपासून थांबायच्या फुलीपर्यंत सगळी बटणं एका हातची वाटली पाहिजेत. मॅकसाठी केविन गेरिच आणि स्टीफन हॉर्लँडर यांनी केलेली बटणं पसंत पडली होती. २००४ च्या जूनमध्ये ०.९ ही आवृत्ती निघाली तेव्हा विंडोजवरही त्यांच्याच घडणीचं रूप आणलं आणि आधीचं काढून टाकलं. त्यावर जुन्या रूपाच्या चाहत्यांनी जो गिल्ला केला, तो वाचताना मला आमच्या सोसायटीच्या जिन्याचा रंग बदलला तेव्हाची वार्षिक सभा आठवली. सारखेपणा सगळ्यांनाच हवा असतो, फक्त तो आपल्यासारखा असावा एवढीच अट असते.

९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.० निघालं. १६ डिसेंबरला न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची दोन पानं भरून जाहिरात आली. पैसे वर्गणीतून उभे केले होते आणि वर्गणी देणाऱ्या सुमारे दहा हजार लोकांची नावं मुंगीच्या अक्षरात त्या जाहिरातीत छापली होती. आपल्याकडे गणपतीच्या मांडवाबाहेर फलक असतो, तसा. आणि त्या सगळ्यांत मिळून एक कोल्हा.

इथपर्यंत सगळं गोड. आता भांडणाकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे.

डेबियन नावाची स्वयंसेवकांची एक मोठी मंडळी आहे. इयन मर्डॉक याने १९९३ साली ती सुरू केली आणि बायको होणाऱ्या डेब्राच्या नावाला आपलं नाव जोडून तिला डेबियन म्हटलं. हे लोक हजारो मुक्त सॉफ्टवेअरं गोळा करतात, तपासतात, एकत्र बांधतात आणि वाटतात. त्यांचा नियम सोवळ्यातला आहे. आपण जे वाटू ते सगळंच्या सगळं घेणाऱ्याला बदलता आलं पाहिजे. फायरफॉक्सची कृती मुक्त होती, पण कोल्ह्याचं चित्र नव्हतं. ते बदलायला परवानगी नव्हती. म्हणून डेबियनने कोल्हा काढला, नुसता पृथ्वीचा गोल ठेवला आणि नाव मात्र फायरफॉक्सच ठेवलं. २००६ साली मोझिलाने सांगितलं की असं चालणार नाही. नाव आणि चित्र बरोबर जातात. शिवाय आमच्या नावाखाली तुम्ही आत काही बदल करणार असाल तर आधी आम्हाला दाखवा.

डेबियनवाले म्हणाले, मग नावच नको. आणि त्यांनी तेच सॉफ्टवेअर नव्या नावाने वाटायला सुरुवात केली. नाव ठेवलं आइसवीझल. फायरचा बर्फ केला आणि कोल्ह्याचा वीझल. वीझल हा मुंगसासारखा दिसणारा एक चिमुकला प्राणी आहे. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

कारण पानशेतचं धरण ज्या वर्षी फुटलं त्याच वर्षी, म्हणजे १९६१ साली, आमचं घर फुटलं होतं. आजोबा आदल्या वर्षी गेले होते. माझे वडील अण्णा आणि धाकटे बापूकाका यांनी दुकानं वेगळी केली. मंजनाची कृती दोघांनाही पाठ होती, तिच्यावरून एक शब्दही झाला नाही. भांडी वाटली, खलबत्ते वाटले. वाद आला तो खारीवर. दोघांनीही पुडीवर तीच खार छापली. सहा महिन्यांत बापूकाकांच्या एका खेपेला तुरटी जास्त पडली. हिरड्या सोललेले लोक ओगलेवाडीहून चालत आले ते आमच्या दारात. पुडी पुढे धरून म्हणाले, "हेच ना तुमचं मुंगूस?" अण्णांनी पुडी पाहिली. मुंगूस आपलंच होतं, मंजन आपलं नव्हतं. ते सांगायचं कसं? त्यांनी पैसे परत केले आणि संध्याकाळी बापूकाकांच्या दुकानात जाऊन जे बोलायचं नाही ते बोलून आले.

दुसऱ्या दिवशी आजीने तो ब्लॉक छापखान्यातून मागवून घेतला आणि आपल्या ट्रंकेत टाकून कुलूप घातलं. "मंजन दोघांनी करा," ती म्हणाली. "पण चित्र एक आणि घरं दोन, हे चालणार नाही. एकाने चुकायचं आणि बोल दुसऱ्याने खायचे! एक व्हाल तेव्हा या, किल्ली देईन."

मोझिलाच्या वकिलांनी पुष्कळ पानं खर्च करून जे लिहिलं आहे, ते माझ्या चौथी शिकलेल्या आजीने तीन वाक्यांत सांगितलं होतं. कृती कोणालाही देता येते, ती दिल्याने कमी होत नाही. पण चित्र हा शब्द असतो. या चित्राखाली जे मिळेल ते आमच्या हातचं असेल, हा लोकांना दिलेला शब्द. तो दोघांनी दोन तऱ्हेने दिला की खोटा पडतो. आपल्या पुण्यातले दुकानदार 'आमची कोठेही शाखा नाही' असं लिहितात, ते गर्वाने लिहितात असं मी इतकी वर्षं समजत होतो. ते लोक बिचारे दुसऱ्याच्या तुरटीला भीत असावेत.

पण डेबियनवाल्यांचं चुकलं होतं असंही मला म्हणवत नाही. ते मंजनात विटकर घालत नव्हते. जुन्या आवृत्त्यांतली भोकं ते काळजीने बुजवत होते, आणि तेवढ्यासाठी दर वेळी परवानगी मागायला दुसऱ्याच्या दारात जावं लागणं त्यांना कमीपणाचं वाटलं. बापूकाकांनाही तेच वाटलं असेल. एका खेपेची चूक, आणि भावाने भर दुकानात ती मोजावी!

अण्णांनी मग 'सिंह छाप' काढलं आणि बापूकाकांनी 'हत्ती छाप'. मंजन तेच. पण बाजारच्या बायका दोन्ही पुड्या उलटसुलट करून बघायच्या आणि विचारायच्या, "मुंगसाचं नाही का?" नाही म्हटलं की पुडी ठेवून निघून जायच्या. पाच-सहा वर्षांत टूथपेस्टच्या नळ्या घरोघर आल्या आणि सिंह नि हत्ती दोघेही झोपले. दुकानं गेली त्याचं दुःख कमी. पण दोघे भाऊ त्यानंतर आजीच्या तेराव्याला एका पंगतीला बसले, तेवढेच. किल्ली मागायला कोणी गेलं नाही.

डेबियन आणि मोझिला यांचं भांडण मात्र २०१६ साली मिटलं. दोन्हीकडच्यांनी बसून ठरवलं की डेबियन जे बदल करतं त्याने फायरफॉक्सच्या नावाला बाध येत नाही. त्या जूनमध्ये डेबियनच्या स्थिर आवृत्तीत आइसवीझल जाऊन फायरफॉक्स परत आलं, कोल्ह्यासकट. दहा वर्षं लागली. दहा वर्षं म्हणजे भाऊबंदकीच्या मानाने काहीच नाही.

पुढे २०१९ साली मोझिलाने फायरफॉक्सचं सबंध कुटुंब सजवलं. ब्राउझरसाठी कोल्हा ठेवला आणि कुटुंबाच्या एकत्र खुणेसाठी नुसता जाळाचा भोवरा केला, तोंड नसलेला. लोकांनी तो पाहिला आणि २०२१ मध्ये जगभर बोंब झाली की कोल्ह्याला हाकलला! शेवटी मोझिलाला खुलासा करावा लागला की बाबांनो, कोल्हा जागच्या जागी आहे. "मुंगसाचं नाही का?" हाच तो प्रश्न. चित्र काढतो चित्रकार, नोंदवतो मालक. पण एकदा लोकांनी ओळखलं की ते थोडं लोकांचंही होतं.

हे सगळं मी चौघांना सांगितलं तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बापूकाकांच्या पणतूने विचारलं, "आजोबा, तो ब्लॉक कुठे आहे हो?"

आजीची ट्रंक माझ्याकडे आहे. किल्ली तिच्या माघारी देवघरात सापडली होती. पण आजीने घातलेली अट पुरी झाली नव्हती म्हणून मी तो ठोकळा कधी कोणाला दाखवला नव्हता. त्या दिवशी काढला. नऊवारीच्या एका तुकड्यात गुंडाळलेला होता. लाकडाला चीर गेली होती. पोराने स्टँपपॅडवर दाबून कागदावर उमटवला. बदाम कुरतडणारा तो लांबट तोंडाचा प्राणी साठ वर्षांनी पुन्हा कागदावर आला, तेव्हा मला चष्मा पुसावा लागला.

"खारच घेऊ या," नात म्हणाली. "तीही गोळा करून ठेवते, वाचनालयही."

मग हॉलमध्ये आठ दिवस कमिटी बसली. घुबड, पुस्तक, समई आणि वाकडं अक्षर यांना निरोप दिला. छोट्या आकाराचं काही जमेना तेव्हा आमच्या हिने फरशीवर सोळा ठिपके सोळा ओळी काढल्या आणि मिशा सोडून, बदाम सोडून नुसत्या शेपटीच्या वळणावर खार बसवून दाखवली. पोरांनी ती जशीच्या तशी उचलली. रंग एक ठरला, तांबूस तपकिरी. चित्राभोवती किती जागा मोकळी सोडायची ते ठरलं. खार तिरकी करू नये, ताणू नये, तिला टोपी घालू नये, असे नियम दोन पानांत लिहून झाले. आणि शेवटी पोरांनी मला विचारून एक ओळ घातली: सॉफ्टवेअर कोणीही घ्यावं आणि हवं तसं बदलावं, बदललंत तर आधी आमच्याशी बोला, आणि बोलणं जमलं नाही तर चित्र आपलं आणा. "आधी बोला" हे माझं. त्यावर मी अडून बसलो होतो.

पहिलं वाचनालय कराडकडचंच मिळालं. बापूकाकांचा पणतू आणि मी दोघेच ते बसवायला गेलो. म्हणजे तो बसवायला आणि मी बसायला. ग्रंथपाल बाईंनी पडद्यावरचं चित्र निरखून पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "छान आहे हो तुमचं मुंगूस."

पोराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघेही इतके हसलो की वाचनालयातल्या चार वाचकांनी 'शांतता राखा' या पाटीकडे बोट केलं. आमची दोन्ही घरं मिळून हसण्याचा साठ वर्षांतला तो पहिलाच प्रसंग होता. बाईंना मी सुधारलं नाही. आजोबांनी त्यात उगाच दोन वर्षं घालवली होती.